यीस्टच्या एका पेशीची वाढ

पेशी वाढते, दुप्पट होते आणि दुभंगते, हे विधान जीवशास्त्राच्या प्रत्येक प्राथमिक पुस्तकात आढळते. परंतु दोन विभाजनांच्या मधल्या काळात ती नेमकी कशी वाढते, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वेग राखते की मोठी होत जाईल तसा वेगही वाढवत नेते, मध्ये कुठे थबकते का, आणि तिची लांबी, आकारमान व वस्तुमान ही तिन्ही एकाच चालीने वाढतात का, या प्रश्नांची खात्रीची उत्तरे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणापाशीही नव्हती. एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतच्या या काळाला पेशीचक्र म्हणतात. या चक्रात डीएनएची नक्कल केव्हा होते, केंद्रक केव्हा दुभंगते, याचा शोध झपाट्याने लागत गेला, कारण या घटना ठळक असतात आणि त्यांना आरंभ व शेवट असतो. वाढ मात्र सतत चाललेली असते, ती कोणत्याही एका क्षणी ‘घडत’ नाही, आणि म्हणूनच तिचे वर्णन करणे विभाजनाचे वर्णन करण्यापेक्षा कितीतरी अवघड ठरले. हे वर्णन ज्या सजीवावर प्रथम पक्के झाले तो सजीव म्हणजे यीस्ट, ज्याला मराठी पाठ्यपुस्तके किण्व असेही म्हणतात.

अडचण अशी होती की सूक्ष्मजीवांचा अभ्यास प्रदीर्घ काळ समूहानेच होत आला. चंबूतल्या द्रावणात कोट्यवधी पेशी असतात, ठरावीक वेळाने त्यांची संख्या दुप्पट होते, आणि संख्येचा आलेख घातांकी पद्धतीने, म्हणजे जितके अधिक तितकी वाढ अधिक या रीतीने, चढत जातो. समूह असा वाढतो, तेव्हा त्यातली प्रत्येक पेशीही तशीच वाढत असली पाहिजे, असा समज सहज रूढ झाला. तो तर्काला धरून नाही. एकेक पेशी कोणत्याही रीतीने दुप्पट झाली, अगदी चक्राच्या शेवटच्या मिनिटात उडी मारून दुप्पट झाली, तरी वेगवेगळ्या वयाच्या कोट्यवधी पेशींची बेरीज घातांकीच दिसणार. ज्वारीच्या शेताच्या एकूण उताऱ्यावरून एखाद्या ताटाच्या कणसात दाणा केव्हा भरला हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील बीबी हे गाव ज्या लोणार तालुक्यात आहे, त्या तालुक्यानेच या समूहदृष्टीचे एक भव्य उदाहरण पाहिले आहे. जून २०२० मध्ये लोणारच्या उल्कापाती विवरातील सरोवराचे खारट आणि तीव्र अल्कधर्मी पाणी गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, नमुने तपासले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीतून हा रंग मिठात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बाळगणाऱ्या आर्किया गटातील सूक्ष्मजीवांचा असल्याचे पुढे आले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली, तेव्हा या जीवांची संख्या फोफावली, आणि पावसाने पाणी सौम्य होताच रंग ओसरला. डोळ्यांना दिसली ती समूहाची वाढ. त्या समूहातील एक पेशी जन्मल्यापासून दुभंगेपर्यंत कशी वाढली, याबद्दल पाण्याचा रंग काहीच सांगू शकत नव्हता. ते जाणून घ्यायचे तर एकच पेशी निवडून, तिला जिवंत ठेवून, तिच्यावरची नजर न हटवता मोजमाप करावे लागते.

असा प्रयत्न प्रथम चलच्चित्राच्या आधाराने झाला. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात स्टॅनहोप बेन-जोन्स आणि एडवर्ड अॅडॉल्फ यांनी सूक्ष्मदर्शकाला चित्रपटाचा कॅमेरा जोडून वाढत्या यीस्टपेशींचे चित्रण केले आणि चित्रांवरून त्यांचा आकार मोजून १९३२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी निवडलेले यीस्ट पाव फुगवणारे आणि मद्य आंबवणारे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे होते. या यीस्टमध्ये कलिकायन होते: मातृपेशीच्या अंगावर एक फुगवटा येतो, तो मोठा होत जातो, त्यात एक केंद्रक उतरते, आणि ही कलिका अलग होऊन कन्यापेशी बनते. मोजणाऱ्याच्या दृष्टीने ही रचना त्रासदायक असते, कारण दोन असमान गोलकांचे आकारमान वेगवेगळे काढून त्यांची बेरीज करावी लागते आणि गोलाच्या व्यासातील किरकोळ चूक घनफळात तिप्पट होऊन उतरते.

मोजणाऱ्याला हवी तशी पेशी दुसऱ्याच एका यीस्टमध्ये होती. बर्लिनच्या किण्वनसंस्थेतील पॉल लिंडनर यांनी १८९३ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भरडधान्याच्या बिअरमधून एक यीस्ट वेगळे केले आणि त्या बिअरच्या स्वाहिली नावावरून त्याला शायझोसॅकरोमायसिस पोंबे असे नाव दिले. विदर्भ आणि मराठवाड्याच्या सीमेवरील गावांत ज्वारीचे पीठ आंबवून आंबील करतात, तिच्यात मुख्यतः आम्ल तयार करणारे जिवाणू काम करतात. भरडधान्याच्याच आंबवणाला यीस्टची जोड मिळाली की मद्यार्क तयार होतो, आणि लिंडनर यांच्या हाती आलेले पेय या दुसऱ्या प्रकारचे होते. या यीस्टला कलिका येत नाही. त्याची पेशी दोन्ही टोकांना गोलसर असलेल्या कांडीसारखी असते, तिची जाडी सुमारे ४ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चौपट, इतकी जवळपास कायम राहते, ती फक्त टोकांकडून लांब होते, आणि सुमारे १४ मायक्रोमीटर लांबी गाठल्यावर मधोमध पडदा घालून दोन सारख्या भागांत तुटते. म्हणून त्याला विखंडी यीस्ट म्हणतात. जाडी स्थिर असल्यामुळे केवळ लांबी मोजली तरी आकारमान कळते, आणि लांबीवरून पेशीचे चक्रातील वयही अंदाजता येते. संशोधनासाठी सजीव निवडताना त्याची भूमिती इतकी उपयोगी पडल्याची उदाहरणे थोडी असतील.

या भूमितीचे मोल ओळखले ते जॉन मर्डॉक मिचिसन यांनी. त्यांचा जन्म १९२२ मध्ये ऑक्सफर्ड येथे झाला. आई नाओमी मिचिसन या नामवंत लेखिका, आजोबा जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे थोर अभ्यासक, आणि मामा जे. बी. एस. हॉल्डेन. हे मामा १९५७ मध्ये ब्रिटन सोडून भारतात आले, १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. प्राण्यांच्या आकाराला कोणत्या मर्यादा असतात यावरचा त्यांचा निबंध आजही वाचला जातो. मामा भारतात आले त्याच वर्षी भाच्याचा, एका पेशीच्या आकाराविषयीचा, पहिला मोठा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, हा योगायोग भारतीय वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. मिचिसन १९५३ मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात मायकेल स्वान यांच्या सोबतीने दाखल झाले. त्याआधी ते दोघे समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर आणि पेशीच्या पृष्ठभागाच्या यांत्रिक गुणांवर काम करत होते. परंतु अर्चिनचे अंडे विभागत जाताना वाढत नाही, ते केवळ लहान लहान तुकड्यांत वाटले जाते. वाढ आणि विभाजन यांचा संबंध पाहायचा तर जी पेशी खरोखर वाढते तीच घ्यावी लागणार होती.

मिचिसन यांच्या हाती त्या काळी नवे असलेले साधन होते: व्यतिकरण सूक्ष्मदर्शक. या साधनाची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण सगळ्या गोष्टीचा भार तिच्यावर आहे. जिवंत पेशी जवळपास पारदर्शक असते. तिच्यातून जाणारा प्रकाश फारसा शोषला जात नाही, पण भोवतालच्या पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशापेक्षा तो किंचित मागे पडतो, कारण पेशीतील प्रथिने, न्यूक्लिइक आम्ले आणि कर्बोदके यांच्यामुळे तिचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा अधिक असतो. प्रकाशाच्या एका शलाकेचे दोन भाग करून एक पेशीतून आणि दुसरा शेजारच्या मोकळ्या द्रवातून नेला आणि दोन्ही पुन्हा एकत्र केले, तर त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळताना ही पिछाडी मोजता येते. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बॅरर आणि लंडनच्या डेव्हिस व विल्किन्स यांनी १९५२ च्या सुमारास दाखवून दिले की पेशीतील निरनिराळ्या पदार्थांमुळे पडणारी ही पिछाडी त्यांच्या संहतीच्या प्रमाणात असते आणि ते प्रमाण बहुतेक पदार्थांसाठी जवळपास सारखे असते. त्यामुळे पेशीच्या संपूर्ण क्षेत्रावरील पिछाडीची बेरीज केली, की तिचे शुष्क वस्तुमान, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या द्रव्याचे वस्तुमान, मिळते. ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाला पिकोग्रॅम म्हणतात. अशा काही दशक पिकोग्रॅम वजनाची पेशी न मारता, न वाळवता, ती वाढत असतानाच पुन:पुन्हा तोलण्याची सोय या साधनाने झाली.

‘एक्स्पेरिमेंटल सेल रिसर्च’ या नियतकालिकात १९५७ मध्ये मिचिसन यांचे विखंडी यीस्टवरील निष्कर्ष आले. एकेका पेशीचा माग ठेवून त्यांनी आकारमान आणि शुष्क वस्तुमान स्वतंत्रपणे मोजले होते, आणि या दोन आलेखांची चाल एक नव्हती. आकारमान चक्राच्या पहिल्या सुमारे तीन-चतुर्थांश भागात वाढत जाई आणि मग, केंद्रक दुभंगून मधला पडदा तयार होण्याच्या काळात, वाढायचे थांबे. पेशीची लांबी त्या शेवटच्या टप्प्यात स्थिर राही. शुष्क वस्तुमान मात्र या थांब्याची पर्वा न करता, सरळ रेषेत, एकाच वेगाने, चक्राच्या शेवटापर्यंत वाढत राही. म्हणजे ज्या काळात पेशी बाहेरून थांबलेली दिसते त्या काळातही ती आत द्रव्य साठवतच असते, आणि त्यामुळे तिची घनता चक्राच्या शेवटी वाढते. पुढच्याच वर्षी मिचिसन यांनी कलिकायन करणाऱ्या यीस्टवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९६१ मध्ये एका जिवाणूवरील. ‘वाढ’ या एका शब्दाखाली निदान दोन स्वतंत्र क्रिया आहेत, द्रव्य तयार करणे आणि जागा व्यापणे, आणि त्या एकमेकींपासून सुटू शकतात, हा १९५७ च्या निबंधातील सर्वांत टिकाऊ विचार होता. त्याचे महत्त्व त्या काळात पुरेसे ओळखले गेले नाही.

याचे एक कारण गणिती होते. जन्मतः १ असलेली पेशी चक्राच्या अखेरीस २ झाली, तर चक्राच्या बरोबर मध्यावर सरळ रेषेतली वाढ तिला १.५ वर नेते आणि घातांकी वाढ सुमारे १.४१ वर. दोन्ही आलेखांतील अंतर कुठेही सुमारे ६ टक्क्यांपेक्षा अधिक नसते. विखंडी यीस्टच्या पेशीची लांबी जन्मतः ७ मायक्रोमीटर धरली तर मध्यावरचा हा फरक सुमारे ०.६ मायक्रोमीटर होतो, आणि साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची तपशील वेगळे दाखवण्याची मर्यादाच ०.२ ते ०.३ मायक्रोमीटरच्या आसपास आहे. त्यात एका पेशीचे छायाचित्र पेशीची कड नक्की कुठे आहे हे सांगत नाही. पुढची पन्नास वर्षे चाललेल्या वादाचे मूळ या सहा टक्क्यांत आहे.

मिचिसन यांनी मोजमाप सोडले नाही, पण समूहालाही एका वयाचा करण्याची युक्ती काढली. डब्ल्यू. एस. व्हिन्सेंट यांच्या मदतीने १९६५ मध्ये त्यांनी साखरेच्या क्रमाने दाट होत जाणाऱ्या द्रावणात यीस्टपेशींचे अवसादन करून, म्हणजे त्यांना तळाकडे बसू देऊन, वरच्या थरातील सर्वांत लहान, नुकत्याच जन्मलेल्या पेशी वेगळ्या काढल्या आणि त्या एकत्र वाढवल्या. अशा समूहातील सर्व पेशी काही काळ जवळपास एकाच पावलाने चालतात, आणि त्यांतील विकरे व न्यूक्लिइक आम्ले चंबूत रासायनिक रीतीने मोजता येतात. १९७१ मध्ये आलेले त्यांचे पेशीचक्रावरील पुस्तक या क्षेत्रातील एका पिढीचा आधार ठरले.

दरम्यान प्रश्नाचा रोख बदलू लागला. पेशी कशी वाढते यापेक्षा, पुरेशी वाढ झाली हे तिला कळते कसे आणि त्या वाढीवर विभाजन अवलंबून असते का, हा प्रश्न पुढे आला, कारण त्याला आनुवंशशास्त्राचे हत्यार लावता येत होते. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे उर्स लिउपोल्ड यांनी विखंडी यीस्टचे आनुवंशशास्त्र उभे केले होते. अमेरिकेत लेलंड हार्टवेल यांनी कलिकायन करणाऱ्या यीस्टमध्ये पेशीचक्र ठरावीक टप्प्यावर अडवणारी उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतील बदल, १९७० पासून गोळा केली होती. पॉल नर्स या तरुण संशोधकाने लिउपोल्ड यांच्याकडे यीस्टची आनुवंशिकी शिकून घेतली आणि १९७३ च्या सुमारास ते एडिनबरा येथे मिचिसन यांच्या प्रयोगशाळेत आले. चक्र अडलेल्या पेशी विभाजन न करता वाढतच राहतात, म्हणून त्या लांबलचक दिसतात आणि सहज ओळखू येतात. नर्स यांचे लक्ष मात्र उलट प्रकारच्या पेशींकडे गेले: ज्या नेहमीपेक्षा लहान असतानाच दुभंगत होत्या.

या लहान पेशींचे तर्कशास्त्र मुद्दाम समजून घ्यावे. यंत्रातील भाग बिघडल्यावर यंत्र मंदावणे किंवा थांबणे अपेक्षित असते. बिघाडामुळे काम नेहमीपेक्षा आधी उरकले जात असेल, तर बिघडलेला भाग रोखून धरण्याचे काम करत असला पाहिजे. नर्स यांनी या जनुकाला ‘वी’ हे नाव दिले, कारण स्कॉटलंडमध्ये लहानाला तसे म्हणतात, आणि १९७५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. तापमान वाढवले की वी-१ या उत्परिवर्तकाच्या पेशी नेहमीच्या सुमारे निम्म्या आकाराच्या असतानाच दुभंगत. अशी उत्परिवर्तके जवळपास पन्नास गोळा झाली. ती एक सोडून सगळी त्याच जनुकातली निघाली आणि उरलेल्या एकाने सीडीसी-२ या दुसऱ्या जनुकाकडे बोट दाखवले. हे जनुक आणि त्याच्या प्रथिनाचे काम हा पेशीविभाजनाच्या नियंत्रणाचा गाभा ठरला: वी-१ प्रथिन सीडीसी-२ ला रोखून धरते, सीडीसी-२५ नावाचे प्रथिन तो रोध काढते, आणि दोन्हींचा तोल ढळला की पेशी विभाजनात शिरते. त्याच कामाचे मानवी जनुक यीस्टच्या पेशीत घालून, बिघडलेल्या यीस्टला ते सावरते, हे १९८७ मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी दाखवले. २००१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हार्टवेल, टिम हंट आणि नर्स यांना मिळाले. ज्या प्रयोगशाळेत हे काम सुरू झाले तिचे प्रमुख मिचिसन यांनी नर्स यांना स्वतंत्रपणे विचार करू दिला आणि स्वतःचे नाव त्या लेखांवर लावले नाही, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात आदराने नोंदवण्याजोगी आहे.

त्याच गटातील पीटर फँटेस यांनी १९७७ मध्ये आणखी एक गोष्ट मोजली. योगायोगाने जी पेशी जन्मतः नेहमीपेक्षा मोठी होती तिचे चक्र आखूड होई, लहान जन्मलेलीचे लांब, आणि दुभंगताना दोघी जवळपास सारख्याच लांबीला येत. आकारातील चूक एका चक्रातच भरून निघते, म्हणजे पेशी आपला आकार कोणत्यातरी रीतीने पाहते, हा त्याचा अर्थ होता.

मिचिसन आणि नर्स यांनी १९८५ मध्ये पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळून एकेका पेशीची लांबी ठरावीक अंतराने घेतलेल्या छायाचित्रांवरून मोजली. या वेळी आलेखात एक वाकण दिसले: पेशी आधी एका वेगाने सरळ रेषेत वाढते, चक्राच्या सुमारे एक-तृतीयांश भागाजवळ वेग बदलतो, आणि मग ती दुसऱ्या, अधिक वेगाने सरळ रेषेत वाढते. वेग बदलतो त्या सुमारास घडणारा एक दृश्य बदलही सापडला. विभाजनातून नुकतीच सुटलेली पेशी प्रथम फक्त जुन्या टोकाकडून, म्हणजे आधीच्या पेशीकडून मिळालेल्या टोकाकडून वाढते. पडदा फुटून तयार झालेले नवे टोक काही काळ निष्क्रिय असते, आणि ते वाढू लागते तेव्हा पेशी दोन्ही बाजूंनी लांब होते. पेशीभित्तीवर बसून चमकणारा रंग लावला तर ही वाढीची टोके सूक्ष्मदर्शकाखाली उजळलेली दिसतात. दोन सरळ रेषांच्या या नमुन्यावर मिशिगन विद्यापीठातील स्टीफन कूपर यांनी १९९८ मध्ये कडक टीका केली; त्यांच्या मते तीच आकडेवारी साध्या घातांकी वाढीनेही तितकीच चांगली स्पष्ट होत होती आणि वाकण हा विश्लेषणाचा भास होता. वाद वर्षानुवर्षे चालला. २००६ मध्ये पीटर बुखवाल्ड आणि हंगेरीचे आकोश स्वेइझेर यांनी सांख्यिकीच्या कसोट्या लावून विखंडी यीस्टच्या लांबीसाठी दोन रेषांचा नमुना घातांकी नमुन्यापेक्षा सरस ठरतो असे दाखवले. आकडेवारी पाहता हा निवाडा रास्त वाटतो. तरी कूपर यांच्या टीकेमुळेच या क्षेत्राला मोजमापातील चुकांचा हिशेब काटेकोरपणे ठेवावा लागला, हे श्रेय त्यांचे आहे.

कलिकायन करणाऱ्या यीस्टची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. हार्टवेल आणि उंगर यांनी १९७७ मध्ये दाखवले की या यीस्टचे विभाजन असमान असते: कन्यापेशी मातेपेक्षा लहान असते, तिला पुढची कलिका घेण्याआधी पुरेसे वाढावे लागते, म्हणून तिचे पहिले चक्र लांब होते, तर माता लगेच पुन्हा कलिका धरते. त्याच वर्षी जॉन्स्टन, प्रिंगल आणि हार्टवेल यांनी वाढ थांबवली तर विभाजन थांबते, पण विभाजन थांबवले तरी वाढ चालूच राहते, हे स्पष्ट केले. पेशीच्या दृष्टीने वाढ मालकीण आहे आणि विभाजन तिचे अंकित आहे, इतकी मोठी बाब त्या एका वर्षात निश्चित झाली.

महाराष्ट्रात यीस्टचे संशोधन निराळ्या दारातून आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला, आणि तेथे पवित्रकुमार मैत्र व झिटा लोबो यांनी साखर पचवण्याच्या पहिल्या पायऱ्यांवर काम केले. ग्लुकोजच्या रेणूला फॉस्फेट जोडणारी यीस्टची विकरे कोणती, ती किती आहेत, त्यांतील एकेक नाहीसे केले तर पेशी कोणत्या साखरेवर वाढू शकते, हे त्यांनी उत्परिवर्तके वेगळी काढून उलगडले. १९७० मध्ये मैत्र यांनी यीस्टमधील ग्लुकोकायनेज हे विकर वर्णिले. मिचिसन यांचा आलेख जी वाढ दाखवत होता तिचे इंधन कोणत्या दारातून आत येते, याचे हे उत्तर होते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पी. जे. भट यांनी गॅलॅक्टोज साखर वापरणाऱ्या जनुकांच्या नियंत्रणावर दीर्घ काळ काम केले आणि २००८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. नियंत्रणाचा एक दुवा नसलेले यीस्ट त्या साखरेवर उशिराने वाढू लागते, तेव्हा सगळ्या पेशी हळूहळू सरावत नाहीत. काही थोड्या पेशींत योगायोगाने जनुक सुरू होते आणि त्यांची संतती समूह व्यापते, हे त्यांच्या गटाने दाखवले. समूहाची सरासरी एकेका पेशीचे वर्तन झाकून टाकते, हाच धडा मुंबईतही वेगळ्या वाटेने हाती आला. टाटा संस्थेत मिथिलेश मिश्रा यांचा गट विखंडी यीस्टच्या मध्यभागी आवळत जाणाऱ्या वलयाचा, ज्यामुळे पेशी दुभंगते, अभ्यास करतो, आणि खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात सोराब दलाल यांच्या गटाने मानवी पेशींतील सीडीसी-२५ च्या नियंत्रणावर काम केले आहे. एडिनबरा येथे यीस्टच्या आखूड पेशींपासून सुरू झालेली वाट कर्करोगाच्या अभ्यासापर्यंत पोहोचते, ती ही.

पेशी आपली लांबी ‘पाहते’ कशी, याचे एक उत्तर २००९ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी मांडले: टोकांपाशी दाट आणि मध्याकडे विरळ होत जाणारे पॉम-१ हे प्रथिन मध्यावरील विभाजनाच्या तयारीला दाबून ठेवते, आणि पेशी लांबत गेली की मध्य त्याच्या प्रभावाबाहेर जातो. पुढील प्रयोगांनी हे चित्र सुधारले. पेशी लांबीपेक्षा पृष्ठफळाचा मागोवा घेते, आणि त्यासाठी मध्याजवळ साठत जाणारे सीडीआर-२ हे प्रथिन महत्त्वाचे आहे, असा पुरावा मिळाला. यंत्रणेचे सगळे दुवे अजून जुळलेले नाहीत.

मिचिसन १७ मार्च २०११ रोजी एडिनबरा येथे वारले. त्यांच्या १९५७ च्या निष्कर्षाची खरी परतपडताळणी त्यानंतर दहा वर्षांनी झाली. पास्कल ओडरमाट, फ्रेड चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये व्यतिकरणाच्याच तत्त्वाची, पण संगणकाने पिछाडी काढणारी, नवी पद्धत वापरून विखंडी यीस्टच्या एकेका पेशीची घनता चक्रभर मोजली. ती लांब होण्याच्या काळात घटते, केंद्रक दुभंगण्याच्या आणि पडदा तयार होण्याच्या काळात वाढते, आणि दोन पेशी सुट्या होताच एकदम खाली येते. आणि याचे कारण त्यांनी दिले ते असे, की द्रव्य तयार होण्याचा वेग स्थिर राहतो आणि आकारमान वाढण्याचा वेग मात्र बदलतो. जुन्या काचांच्या सूक्ष्मदर्शकातून चौसष्ट वर्षांपूर्वी काढलेला आलेख खरा होता.

या इतिहासातला एक भाग बीबीसारख्या गावातील शाळेतही पडताळता येण्याजोगा आहे, आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी तो जरूर करावा. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात सूत्री विभाजनाच्या पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था येतात, किण्वाचे कलिकायनही येते, पण त्या अवस्थांच्या मधल्या काळात पेशी वाढते कशी, हे विद्यार्थ्याने स्वतः मोजलेले नसते. बाजारात मिळणारे पावाचे यीस्ट कोमट गुळाच्या पाण्यात चिमूटभर टाकून तासभर ठेवावे, त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन आच्छादनकाचेच्या कडा व्हॅसलिनने बंद कराव्यात म्हणजे थेंब वाळणार नाही, आणि चारशे पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली लहान कलिका असलेली एकच पेशी निवडून, काचपट्टी न हलवता, दर दहा मिनिटांनी तिची आकृती काढावी. माता जवळपास तेवढीच राहते आणि कलिका वाढते, हे एका दुपारीत दिसते; नेत्रभिंगात मोजपट्टी असेल तर व्यासही नोंदता येतो. एका तासिकेत चक्र पुरे होत नाही, त्याला दीड-दोन तास लागतात, म्हणून हा प्रयोग शनिवारी शाळा सुटल्यावर ठेवावा.